खुबा दुखतो म्हणजे नक्की कुठे दुखतं?

"कंबर धरलीय" म्हणत कोणी माझ्याकडे आलं की मी पहिल्यांदा एकच सांगते: आधी हात ठेवून दाखवा. कोणी पाठीच्या खाली, साडीच्या गाठीच्या रेषेत हात ठेवतं. कोणी कुल्ल्याच्या मधोमध अंगठा रुतवतं. कोणी बाजूच्या, विजारीच्या खिशाखालच्या हाडावर तळहात ठेवतं. आणि काही जण अंगठा मागे, बोटं पुढे जांघेत, असा हाताचा चिमटा करून सगळा खुबाच मुठीत धरतात. चौघांच्याही तोंडी शब्द एकच असतो, कंबर. दुखणं मात्र चौघांचं वेगळं, आणि व्यायामही वेगळा लागतो.

मराठीत 'खुबा' हा नेमका शब्द आहे, पण तो आपल्याला आठवतो म्हातारं माणूस घसरून पडल्यावर. "आजी पडली, खुबा मोडला." एरवी सगळं कमरेच्या खात्यावर जमा होतं. मग कमरेचा एक्स-रे निघतो, कमरेला पट्टा येतो, महिनोन्‌महिने कमरच शेकली जाते आणि खुबा आहे तसाच राहतो. इतक्या वर्षांच्या फिजिओथेरपीत हे इतक्यांदा पाहिलंय की सुरुवात इथूनच करायला हवी असं वाटतं.

शाळेत 'उखळीचा सांधा' शिकल्याचं आठवत असेल. तो हाच. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते ओटीपोटाच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, वाटीच्या काठाला रबरी वायसरसारखी एक मऊ कड असते, आणि भोवती जाड स्नायूंचे थर. चेंडूच्या खाली हाडाची तिरकी मान. मान संपते तिथे बाहेरच्या बाजूला एक उंचवटा येतो. तुम्ही कुशीवर झोपता तेव्हा गादीला टेकतो तो हाच उंचवटा.

लोकांना हा उंचवटा म्हणजेच सांधा वाटतो. खरा सांधा त्याच्या बराच आत, जांघेच्या मागे खोलवर असतो. त्यामुळे सांधा झिजला तर बहुतेकदा जांघेत दुखतं, आणि ते दुखणं मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा काही अंशी एकच आहेत, म्हणून दुखण्याचा पत्ता चुकतो. गुडघ्याला वर्षभर तेल लावणाऱ्या एका आजोबांचा गुडघा मी सगळीकडून दाबून, वाकवून पाहिला. काही दुखेना. मग त्यांना उताणं झोपवून पाय नव्वद अंशात वाकवला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे आत मांडी वळते. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. दुखणं खुब्याचं होतं.

या सांध्यावर किती भार येतो ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी शरीराचं वजन सांध्याच्या आतल्या बाजूला असतं, आणि ते तोलून धरायला बाहेरच्या बाजूला कुल्ल्याचे स्नायू ओढ देतात. कावड डोळ्यांसमोर आणा. कावडीची एक बाजू लांब आणि एक आखूड असेल, तर आखूड बाजूला कितीतरी जास्त वजन टाकल्याशिवाय ती तोलत नाही, आणि खांद्यावर येते ती दोन्ही वजनांची बेरीज. खुब्यात स्नायूंची बाजू आखूड आहे. म्हणून त्यांना शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोर लावावा लागतो आणि सांध्यावर बेरीज येते. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच भार मोजणारी उपकरणं बसवून हे प्रत्यक्ष मोजलं. सपाट रस्त्यावर साधं चालताना वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहून थोडा जास्त, आणि अडखळून तोल सावरताना सातपटीच्याही वर. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलोच्या आसपास.

हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. निरोगी खुबा हा भार सत्तर-ऐंशी वर्षं पेलतो. मुद्दा असा की पेलण्याचं बरंचसं काम स्नायू करतात, आणि स्नायू कोणत्याही वयात वाढवता येतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण तिच्याभोवतीचा आधार नक्की वाढतो.

आधार कमी झालाय का, हे घरच्या घरी ओळखता येतं. आरशासमोर उभं राहा, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा आणि एक पाय उचला. उचललेल्या पायाकडची कंबर खाली लोंबली, किंवा तोल ठेवायला सगळं धड उभ्या पायावर कलंडलं, तर उभ्या पायाच्या कुल्ल्याचे स्नायू कमी पडताहेत. १८९५ साली फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदांनी ही खूण वर्णन केली. आजही कुठल्याही यंत्राआधी आम्ही तीच बघतो.

बाजूचं दुखणं

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हे सगळ्यात जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक. वय बहुतेक चाळीस ते साठच्या दरम्यान. तक्रार ठरलेली असते: त्या कुशीवर झोपता येत नाही, रात्री दोन-तीनदा जाग येते, जिना चढताना बाजूला कळ येते, एका पायावर उभं राहून साडी नेसताना किंवा सलवार घालताना दुखतं. मात्र पायाची नखं काढायला, चप्पल घालायला फारसा त्रास नसतो.

फलटणजवळच्या गावातल्या एक मावशी संक्रांतीनंतर आल्या होत्या. त्यांचंही अगदी हेच, डाव्या बाजूला. अठरा वर्षं न चुकता माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्या, आणि आदल्या आषाढात अर्ध्यातून परत यावं लागलेलं. आधी दोन इंजेक्शनं घेऊन झाली होती. प्रत्येक वेळी दोन-अडीच महिने छान गेले, मग परत तेच. शेजारच्या बाईने सांगितलं म्हणून पायाळू माणसाकडून कमरेला लाथही मारून घेतली होती. मला म्हणाल्या, "हाड घासलंय म्हणत्यात. आता वारी बंद."

हाड घासलेलं नव्हतं. कुल्ल्याचे बाजूचे स्नायू बारीक होत होत जिथे त्या उंचवट्यावर चिकटतात, तिथली दोरी, म्हणजे कंडरा, दुखावलेली होती. पूर्वी याला सरसकट 'तिथल्या पिशवीची सूज' म्हणत. आता कळलंय की बहुतेकांत मूळ दुखणं कंडरेचं असतं. या कंडरेवरून मांडीच्या बाजूने एक जाड पट्टा खाली जातो. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की हा पट्टा ताणतो आणि कंडरा पट्टा आणि हाड यांच्यामध्ये चेपली जाते. दुखणं समजायला एवढं पुरेसं आहे. दिवसभरात ती कधी कधी चेपली जाते ते आता मोजा.

मी मावशींना त्यांचा दिवस सांगायला लावला. ओट्यापाशी उभ्या राहताना सगळा भार डाव्या पायावर, कंबर बाहेर काढलेली. दीड वर्षाचा नातू डाव्या कडेवर, म्हणजे कंबर आणखी बाहेर. दुपारी खुर्चीत पायावर पाय टाकून. रात्री उजव्या कुशीवर, आणि वरचा डावा पाय पुढे गादीवर पडलेला. आणि वर कोणीतरी शिकवलेला 'ताण': उताणं झोपून डावा गुडघा उजव्या खांद्याकडे ओढायचा, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. म्हणजे कंडरेला सकाळपासून रात्रीपर्यंत चेप बसत होता, आणि उपाय म्हणून आणखी एक चेप.

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त हे बदललं. ओट्यापाशी दोन्ही पायांवर सारखा भार. नातवाला कडेवर न घेता पोटाशी घ्यायचं, शक्य तर बसून. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचणारी, म्हणजे वरचा पाय खाली लोंबत नाही. नाहीतर उताणं झोपायचं आणि गुडघ्यांखाली लोड घ्यायचा. तो ताण पूर्ण बंद. बाजूच्या दुखण्यात ताण देण्याचे व्यायाम बहुतेक वेळा नुकसानच करतात. हे मी जोर देऊन सांगते, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओंत नेमके तेच दाखवतात.

मग व्यायाम. पहिला इतका साधा की मावशींचा विश्वासच बसेना. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, गुडघ्यांच्या वर मांड्यांभोवती जुन्या ओढणीची सैलसर गाठ मारायची आणि दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला ओढणीत हलकेच दाबायचे. पाय हलत नाही, फक्त कुल्ल्याचा स्नायू घट्ट होतो. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. दुसरा, तिथेच कंबर उचलून पूल करायचा. तिसरा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसताना चार मोजत हळूहळू खाली यायचं, धप्पकन नाही. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो, पण सुरुवातीला तो जड जातो, म्हणून मी तो पुढे ठेवते.

या पद्धतीमागे चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात झालेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. बाजूच्या दुखण्याच्या २०४ रुग्णांचे तीन गट केले. एकाला सवयी बदलण्याचं शिक्षण आणि आठ आठवड्यांचा व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त थोडी माहिती आणि धीर. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के लोकांनी बरंच बरं वाटतंय असं सांगितलं, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के, आणि तिसऱ्या गटात २९ टक्के. वर्षभरानंतरही 'बरं वाटण्यात' व्यायामाचा गट पुढे होता, जरी दुखण्याच्या तीव्रतेत इंजेक्शनच्या गटाशी तेव्हा फरक उरला नव्हता. इंजेक्शन वाईट नाही. झोपच लागत नसेल तर त्याने उसंत मिळते. त्या उसंतीत व्यायाम केला नाही, तर मात्र दुखणं परत दारात येतं.

जांघेतलं दुखणं

हाताचा चिमटा करून खुबा धरणारी माणसं ही. पन्नाशीनंतर बहुतेकदा सांध्याची झीज असते. ती ओळखायला मी काही घरगुती प्रश्न विचारते. पायाची नखं स्वतः काढता का? जोडवी घालायला पाय वर घेता येतो का? देवापुढे मांडी घालून बसल्यावर एक गुडघा दुसऱ्यापेक्षा उंच राहतो का? बसून उठल्यावर पहिली चार पावलं ताठरलेली पडतात आणि मग सुटतात का? सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो का? पहिल्या दोन प्रश्नांना 'पूर्वी यायचं, आता नाही' आणि बाकीच्यांना 'हो' असं उत्तर आलं, तर एक्स-रे बघण्याआधीच चित्र बरंचसं स्पष्ट असतं. ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की वय पंचेचाळीस किंवा त्याच्या वर, दुखणं हालचालीशी जोडलेलं, आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही, असं असेल तर निदानासाठी नेहमी एक्स-रे काढायची गरज नाही. फोटोत भरपूर झीज आणि दुखणं थोडं, किंवा उलट, असं सर्रास दिसतं. फोटोवर उपचार करायचे नसतात.

या दुखण्यात लोक पहिलं काय करत असतील, तर चालणं बंद करतात. मला ते बघवत नाही. सांधा घासतोय, म्हणजे वापरला तर आणखी घासेल, हा हिशोब मोटारीच्या टायरला लागू पडतो. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. भार आला की तिच्यातला द्रव बाहेर पिळला जातो, भार गेला की परत शोषला जातो, आणि याच ये-जा करण्यावर तिचं पोषण चालतं. महिनाभर खाटेवर पडलेल्या माणसाचा सांधा जास्त ताठरतो आणि स्नायू आटतात ते वेगळंच.

मात्र इथे मी अर्धवट बोलणार नाही. सांध्याच्या झिजेत व्यायामाचा फायदा खरा आहे, पण तो माफक आहे. ओस्लोमध्ये सौम्य ते मध्यम झीज असलेल्यांचा सहा वर्षं पाठपुरावा केला. बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी निम्म्यांवर खुबा बदलण्याची वेळ यायला ५.४ वर्षं गेली, नुसती माहिती मिळालेल्यांना ३.५ वर्षं. जवळजवळ दोन वर्षं स्वतःच्या सांध्यावर, ही छोटी गोष्ट नाही. दुसरीकडे २०२४ साली आलेल्या डेन्मार्कच्या चाचणीत, झीज इतकी वाढलेली की शस्त्रक्रिया सुचवली जावी, अशा पन्नाशीपुढच्या लोकांत खुबा बदलणं आणि जोरदार व्यायाम यांची तुलना केली. ४८ गुणांच्या मोजणीत सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा सुमारे १६ गुणांची, व्यायामाच्या गटाची साडेचार. म्हणून माझं मत असं: फिरता येतंय, झोप लागतेय, तोवर बारा आठवडे मनापासून व्यायाम करून बघावा. रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणंही जड झालं आणि फोटोत सांध्यातली फट उरली नाही, तर शस्त्रक्रियेला मनात अपराध धरून टाळू नये. फिजिओथेरपी तेव्हाही लागतेच, आधी आणि नंतरही.

मांडी घालून बसणं कायमचं बंद करा, असं मी सरसकट सांगत नाही. आपलं जेवण, पूजा, भजन सगळं जमिनीवरचं. ते तोडलं की माणूस पंगतीतून उठतो. घडी घातलेली सोलापुरी चादर किंवा जाड उशी कुल्ल्याखाली घेतली, कुल्ला गुडघ्यांपेक्षा वर आला, की पुष्कळांना बसता येतं. नाहीच जमलं तर चौरंग आहे. उकिडवं बसणं मात्र झिजलेल्या सांध्याला खरंच त्रासदायक असतं, तेव्हा संडासात कमोडची खुर्ची आणावी, त्यात लाज कसली. खुबा बदललेल्यांनी मांडी आणि उकिडवं याबद्दल आपल्या सर्जनलाच विचारावं. शस्त्रक्रियेची पद्धत आणि किती दिवस झालेत यावर ते ठरतं.

आणि काठी. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरलेली मी रोज बघते. ती विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय आणि काठी एकदम पुढे. परत ती कावड आठवा: स्नायूच्या आखूड बाजूला जो जोर लावावा लागतो, तो लांबून, दुसऱ्या हाताने काठीवर थोडंसं रेटून पुष्कळ कमी करता येतो. उंची अशी की हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी. खालचं रबर झिजलं की बदलावं. वजन कमी करण्याचा हिशोबही इथलाच: दोन किलो उतरले की प्रत्येक पावलाला खुब्यावरून जवळजवळ पाच किलो उतरतात.

मागचं, कुल्ल्याच्या मधोमध होणारं दुखणं बहुतेकदा पाठीच्या मणक्यांतून येतं, खुब्याचं नसतं. गुडघ्याच्या खाली, पिंडरीत किंवा पावलापर्यंत कळ जात असेल, मुंग्या येत असतील, खोकल्यावर चमक निघत असेल, तर आधी पाठ तपासायला हवी. तो विषय मोठा आहे, इथे उरकण्यासारखा नाही.

आधी डॉक्टर, मग आम्ही

काही दुखण्यांत व्यायामाची घाई धोक्याची ठरते, म्हणून हा भाग कृपा करून घरात मोठ्याने वाचून दाखवा.

वयस्कर माणूस पडलं, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, उभं राहता येत नाही, तर ते हाड मोडलं आहे असं समजा. तेल लावू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, आडवं ठेवून थेट दवाखान्यात न्या. हाडं ठिसूळ असली तर कधीकधी मोडलेल्या खुब्यावरही माणूस लंगडत चालतं, तेव्हा पडल्यानंतर जांघ दुखतेय एवढंही कारण पुरेसं आहे.

तिशी-चाळिशीतल्या माणसाला जांघेत सतत, पडून असतानाही दुखतंय आणि पूर्वी स्टेरॉइड घेतलेत किंवा दारू जास्त आहे, तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत असण्याची शक्यता असते. कोविडनंतर असे रुग्ण आपल्याकडे नोंदवले गेले. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्येच कळतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही हेच होतं. नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल आढळतो, तिथल्या तरुण मुलामुलींचा खुबा दुखतोय म्हटलं की हे डोक्यात हवंच. एसटी स्टँडबाहेर मिळणारी वाताची बिननावाची चूर्णं घेत असाल तर थांबा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत.

संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि खुबा दुखणं एकत्र असेल तर सांध्याचा क्षयरोग तपासला पाहिजे. तरुण माणसाला पहाटे दुखण्याने जाग येते, ताठरपणा तासभर राहतो आणि फिरल्यावर बरं वाटतं, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. आणि लहान मूल किंवा वयात येणारं मूल लंगडत असेल, मग तोंडाने ते "गुडघा दुखतो" का म्हणेना, खुब्याचा फोटो काढल्याशिवाय "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका.

किती करायचं, कधी वाढवायचं

व्यायाम म्हणजे औषध हे वाक्य सगळे ऐकतात, पण औषधाचा डोस असतो हे विसरतात. कोणी पहिल्याच दिवशी तासभर करून तीन दिवस झोपून राहतं, कोणी सहा महिने तोच ओढणीचा व्यायाम करत राहतं आणि "काही फरक नाही" म्हणतं. स्नायू वाढतो तो त्याला रोजच्यापेक्षा थोडं जास्त काम मिळालं तरच. आठ ते बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड जायला हवेत. सहज वीस होत असतील तर व्यायाम पुढच्या पायरीवर न्यायची वेळ झाली. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी सुधारणा दिसते ती मुख्यतः मेंदूने स्नायू नीट वापरायला शिकल्याची. स्नायू खरोखर भरायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि कंडरा त्याहून हळू चालते. म्हणून बारा आठवड्यांचं बोलायचं, पंधरा दिवसांत निकाल मागायचा नाही.

दुखलं तर? हा प्रश्न सगळ्यांचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारं, अशी मोजपट्टी डोक्यात धरा. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत दुखलं तर चालतं. खरा कौल दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. सकाळी आकडा काल सकाळएवढाच किंवा कमी असेल तर काल केलेलं बरोबर होतं, तेच चालू ठेवा, आठवड्याने वाढवा. आकडा चढला असेल तर बंद करू नका, फक्त एक पायरी खाली या. बाजूच्या दुखण्यात रात्रीची झोपही मोजा.

मावशींना लिहायचा कंटाळा होता. मी म्हटलं, कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात फक्त आकडा लिहा. संक्रांतीनंतरच्या पहिल्या पानावर सहा, सात, सहा, सात. फेब्रुवारीच्या शेवटी चार. मग घरच्या ओसरीच्या पायरीवरचा व्यायाम सुरू केला. डावा पाय पायरीवर, एक हात दाराच्या चौकटीला, उजवा पाय अधांतरी. उजवी कंबर हळूच खाली सोडायची आणि डाव्या कुल्ल्याच्या जोरावर परत वर आणायची. पहिल्या दिवशी चौथ्याच वेळी डावा पाय थरथरायला लागला आणि चौकटीवरची बोटं पांढरी पडली. मी त्यांचा हात धरून पायरीवरच बसवलं. एप्रिलमध्ये त्या चौकट न धरता दहा वेळा करत होत्या. चालणंही असंच वाढवलं: रोज अर्ध्या तासापासून, दर आठवड्याला थोडं थोडं, मध्ये एक विसाव्याचा दिवस. चालण्याच्या चपला बदलल्या, झिजलेली स्लिपर गेली.

त्यांना फिजिओथेरपी म्हणजे यंत्राचा शेक असं वाटत होतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. दहा दिवस यंत्र लावून घरी पाठवलं जातं, असं अनेकांनी अनुभवलेलं असतं. शेक बरा वाटतो, मीही देते, पण त्याने ताकद येत नाही. तुमचा फिजिओथेरपिस्ट तुम्हाला चालायला लावून बघतोय का, व्यायाम स्वतःसमोर करून घेतोय का, पंधरा दिवसांनी ते वाढवतोय का, एवढं पाहा. पदवी बी.पी.टी. किंवा पुढची असावी आणि राज्याच्या परिषदेत नोंदणी असावी. विचारायला संकोच करू नका. रोज येणं परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. बहुतेक खुब्यांना पंधरा दिवसांतून एकदा नीट पाहिलं आणि घरी नेमाने केलं तरी पुरतं.

ज्येष्ठात मावशी विचारायला आल्या. आळंदीपासून जाऊ का? पुण्याहून सासवडचा लांबलचक टप्पा, मध्ये दिवे घाट, चढाचं चालणं कंडरेवर सगळ्यात जड. मी नको म्हटलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: या वर्षी लोणंदपासून. लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा आहे, चांदोबाच्या लिंबाचं रिंगणही बघायला मिळतं. दुसऱ्या दिवशी फलटण, म्हणजे घर जवळ. तिथे सकाळचा आकडा बघायचा, चारच्या वर असेल तर घरी, नाहीतर पुढे बरडपर्यंत. मुक्कामाला गुडघ्यांमध्ये ठेवायला घडीची चादर पिशवीत. कडेवर कुणाचंही पोर घ्यायचं नाही, अगदी वारीत असलं तरी.

फलटणच्या मुक्कामानंतर पहाटे साडेपाचला फोन वाजला. मागे टाळ आणि टँकरचा हॉर्न.

"तीन," मावशी म्हणाल्या. "आन् पावसानं चादर भिजलीय. उशीच्या जागी आता काय घेऊ?"

मी म्हटलं, पिशवीतल्या साड्या गुंडाळा आणि दोरीने बांधा.